न्यायाधीशाचं आडनाव आणि नगरचे दोन निकाल

नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयात दोन निकाल सहा दिवसांच्या अंतरानं आले. जिल्ह्याचं नाव तेव्हा अहिल्यानगर झालेलं नव्हतं. २३ नोव्हेंबरला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याच्या नितीन आगे खून खटल्यातले नऊच्या नऊ आरोपी निर्दोष सुटले. २९ नोव्हेंबरला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या खटल्यात तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली गेली. खर्ड्यात मारला गेलेला सतरा वर्षांचा मुलगा दलित होता. मराठा समाजातल्या एका मुलीशी बोलतो, या संशयावरून २८ एप्रिल २०१४ रोजी त्याला मारहाण करून झाडाला लटकवल्याचा आरोप होता. कोपर्डीत १३ जुलै २०१६ रोजी अत्याचार करून मारली गेलेली शाळकरी मुलगी मराठा कुटुंबातली होती. आरोपी दलित होते. एकच न्यायालय, एकच आठवडा, आणि दोन टोकांचे दोन निकाल.

असे निकाल शेजारी शेजारी आले की चावडीपासून चॅनेलपर्यंत पहिला प्रश्न एकच असतो: न्यायाधीश कोणत्या समाजाचे? आडनाव कळलं की निकाल कळला, असं मानणारी माणसं सर्व जातींत आहेत, सर्व पक्षांत आहेत आणि वकिलांच्या बाररूममध्येही आहेत. ज्यांच्या बाजूनं निकाल लागला ते म्हणतात, न्यायाधीशाला जात नसते. ज्यांच्या विरोधात गेला ते म्हणतात, जात दिसली. पुढच्या निकालात पारडं फिरलं की हीच माणसं वाक्यांची अदलाबदल करतात. या लेखाचा वाद या दोन्ही वाक्यांशी आहे. न्यायाधीशाचा जन्म, घर, जात, लिंग, अनुभव या गोष्टी खटल्यात कुठे याव्यात आणि कुठे येता कामा नयेत, हा खरा प्रश्न आहे. आडनावाच्या गप्पा त्या प्रश्नापर्यंत कोणाला पोहोचूच देत नाहीत. नगरचे निकाल देणाऱ्या न्यायाधीशांची नावं म्हणूनच इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

आधी खर्ड्याकडे पाहू. सरकार पक्षानं तपासलेल्या २६ साक्षीदारांपैकी जवळजवळ निम्मे फितूर झाले. पोलिसांपुढे एक जबाब आणि न्यायालयात दुसरा. उलटलेल्यांत मुलाच्या शाळेतले लोकही होते. ज्यांनी त्याला शेवटचं पाहिलं असं दोषारोपपत्र सांगत होतं, तेच पिंजऱ्यात उभे राहून ‘आपण काही पाहिलं नाही’ म्हणू लागले, की न्यायाधीश कोणत्याही घरात जन्मलेला असो, त्याच्या हाती उरतं काय? कायदा त्याला ऐकीव गोष्टींवर, वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवर किंवा गावाला ठाऊक असलेल्या सत्यावर शिक्षा देऊ देत नाही. तो देऊ देत नाही हे बरंच आहे. गावाला ठाऊक असलेल्या सत्यावर शिक्षा होऊ लागल्या, तर पहिला बळी कोणाचा जाईल हे गावकुसाबाहेरच्या माणसाला विचारावं.

अशा साक्षीदाराचा दिवस डोळ्यांपुढे आणून बघावा. समन्स आलं की त्यानं रोजगार बुडवायचा. खर्ड्याहून जामखेड, तिथून एसटीनं पाऊणशे किलोमीटरवर नगर. बसमध्ये आरोपीचे चुलते असू शकतात. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर ते पुन्हा शेजारी. पुकारा होईपर्यंत कोणी एक शब्दही धमकीचा बोलत नाही. घरच्यांची विचारपूस मात्र होते. ऊस तोडायला कोणाच्या शेतात जाणार, पोराला कोणत्या शाळेत घालणार, सोसायटीचं कर्ज कोणाच्या सहीनं मिळतं, हे सगळं त्या विचारपुशीत असतं. दुपारी बोर्डावरचा दुसरा खटला लांबतो आणि साक्षीदाराला पुढची तारीख मिळते. परत तीच एसटी. असा प्रवास चार-पाच वेळा झाल्यावर माणूस पिंजऱ्यात उभा राहून काय बोलतो, याचा न्यायाधीशाच्या जातीशी संबंध जोडणं म्हणजे पोलीस, सरकारी वकील, गृहखातं आणि गावातले दांडगे या सगळ्यांना एका दमात मोकळं सोडणं आहे.

आता त्याच जिल्ह्यातला तिसरा खटला शेजारी ठेवू. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यात सोनईजवळ मेहतर समाजातल्या तिघांचा खून झाला. कारण तेच, आंतरजातीय प्रेमाचा राग. साक्षीदारांवर दबाव येईल या भीतीनं हा खटला नगरहून नाशिकला हलवला गेला. सरकारच्या वतीनं विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम उभे राहिले. जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सात आरोपींपैकी सहा जणांना दोषी धरून फाशी सुनावली. खर्ड्याच्या निकालाला तेव्हा दोन महिनेही झालेले नव्हते. इथेही मरणारे दलित होते आणि आरोपी गावातल्या वरचढ समाजातले होते. जातीचं गणित खर्ड्याचंच, उत्तर मात्र उलटं. कोपर्डीतही सरकारची बाजू निकमांनीच मांडली होती. तो खटला मुख्यतः परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा होता आणि गुन्ह्यापासून शिक्षेपर्यंत जेमतेम सोळा महिने लागले. खर्ड्याला साडेतीन वर्षांहून अधिक.

तीन खटल्यांत काय बदललं ते समोर आहे. कुठे खटला गावाच्या सावलीतून बाहेर काढला, कुठे काढला नाही. कुठे नामांकित वकील दिला, कुठे नाही. कुठे लाखोंचे मोर्चे निघाले आणि सरकारला घाई करावी लागली, कुठे हातावर पोट असलेलं एक कुटुंब एकटं तारखांना येत राहिलं. जातीचा प्रभाव या खटल्यांवर पडला नाही, असं कोणी म्हणू नये. पडला, आणि भरपूर पडला. तो पडला पोलीस ठाण्यात, बसमध्ये, मंत्रालयात, व्हरांड्यातल्या बाकावर. न्यायाधीशाच्या आसनापर्यंत फाइल पोहोचली तेव्हा जातीनं आपलं बरंचसं काम उरकून घेतलेलं होतं.

इथे काही जण म्हणतील, म्हणजे न्यायाधीश निव्वळ तराजू आहे, समोर येईल ते तोलतो, त्याच्या पार्श्वभूमीचा प्रश्नच येत नाही. हेही तितकंच खोटं आहे. याचा पुरावा महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाला आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखला जातो. सत्र न्यायालयानं मुलीलाच खोटारडी ठरवून आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा केली. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन पुरुष न्यायमूर्तींनी १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून संमती होती, असा त्या निकालाचा कणा. रात्रीच्या वेळी, दार लावलेल्या ठाण्यात, वर्दीतल्या माणसापुढे अनाथ मजूर मुलगी गप्प का राहते, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. ते कळायला त्या मुलीच्या आयुष्याची थोडी तरी ओळख लागते. ती ओळख खंडपीठावरच्या कोणापाशीही दिसली नाही. ज्या घरांत पोलीस पाहुण्यासारखा येतो, त्या घरांची समजूत कायद्याच्या भाषेत उतरली आणि ती तटस्थ दिसली.

या निकालाचा प्रतिवाद कसा झाला, ते आज आवर्जून आठवलं पाहिजे. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पत्रात त्यांनी निकालपत्रातलं एकेक विधान उचललं आणि दाखवून दिलं की निमूट शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक न्यायालयानं पुसून टाकला आहे. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात स्त्रीनं संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयानं तसंच गृहीत धरावं, असं पुरावा कायद्यात आलं. चौघांनी आडनावं वाचून पत्र लिहिलं असतं, तर ते चार दिवसांत विसरलं गेलं असतं.

मग उपाय काय, स्त्रियांचे खटले स्त्री न्यायाधीशांपुढे आणि दलितांचे दलितांपुढे? ही मागणी हल्ली उघडपणे होते, आणि ती ज्या वेदनेतून येते ती वेदना खरी आहे. पण नगर जिल्ह्याच्याच एका प्रश्नानं तिचा फोलपणा दाखवला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना प्रवेश नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर गेली, तेव्हा शुद्धीकरण झालं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी याचिका केली. १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या खंडपीठानं राज्य सरकारला १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याची अंमलबजावणी करायला सांगितलं, त्यावर मुख्य न्यायमूर्ती वाघेला आणि न्यायमूर्ती सोनक हे दोघेही पुरुष होते. आठवडाभरात, गुढीपाडव्याच्या दिवशी, विश्वस्तांनी चौथरा स्त्रियांना खुला केला. दोन वर्षांनी शबरीमलाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध एक असा निकाली निघाला. स्त्रियांच्या प्रवेशाला विरोध करणारं ते एक मत खंडपीठावरच्या एकमेव स्त्रीचं, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचं होतं.

जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी कपड्यांवरून केलेला स्पर्श बाललैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या गंभीर कलमात बसत नाही, असं धरलं. स्त्री न्यायाधीश असा निकाल देऊ शकते यावर अनेकांचा विश्वास बसेना. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. रद्द करणाऱ्या खंडपीठावर न्यायमूर्ती बेला त्रिवेदीही होत्या. एक स्त्री एका बाजूला, दुसरी दुसऱ्या बाजूला. ज्यांना लिंगावरून किंवा जातीवरून निकाल ओळखता येतो असं वाटतं, त्यांनी या दोघींपैकी कोण खरी स्त्री न्यायाधीश हे आधी सांगावं.

जुना इतिहास काढला तर हा अंदाज आणखी फसतो. १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला, तेव्हा जामिनासाठी त्यांच्या बाजूनं उभे राहिलेल्या वकिलांत दिनशा दावर होते. जामीन दिला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी, जे दहा वर्षांपूर्वी काँग्रेसचे अध्यक्ष होते. अकरा वर्षांनी तेच दावर न्यायमूर्ती होऊन आसनावर बसले होते. टिळकांचा जामीन त्यांनी नाकारला आणि २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, आणि ज्युरीचा कौल सात विरुद्ध दोन असा पडला. म्हणजे ज्युरी रंगावर फुटली, असं म्हणायला जागा आहे. न्यायाधीशाचं काय? तो हिंदी होता, आरोपीचा एके काळचा वकील होता, आणि शिक्षा त्यानंच दिली.

या कथेचा उत्तरार्ध नगरचा आहे आणि नगरकरांनाही तो फारसा आठवत नाही. ३१ मे आणि १ जून १९१६ रोजी टिळकांनी अहमदनगरात स्वराज्यावर मराठीत दोन भाषणं केली. बेळगावच्या १ मेच्या भाषणाबरोबर ही दोन भाषणं राजद्रोही ठरवून, ऐन त्यांच्या साठाव्या वाढदिवशी नोटीस बजावण्यात आली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनं वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. टिळकांतर्फे महंमद अली जीना उभे होते. खंडपीठावर न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लुभाई शहा. बॅचलर इंग्रज, साम्राज्याचे नोकर, महायुद्ध चालू असलेला काळ. आडनावावरून निकाल सांगणाऱ्यानं काय भाकीत केलं असतं?

९ नोव्हेंबर १९१६ रोजी मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला. त्याचं कारण जसं साधं तसं थोर होतं. इकडचं एक वाक्य, तिकडचं एक वाक्य उचलून भाषणाला राजद्रोही ठरवता येत नाही, भाषण सबंध वाचलं पाहिजे आणि त्याचा ऐकणाऱ्यावर एकूण काय परिणाम होईल ते पाहिलं पाहिजे, असं बॅचलर यांनी धरलं. नगरच्या श्रोत्यांपुढे मराठीत झालेलं भाषण एका इंग्रज न्यायाधीशानं आदिपासून अंतापर्यंत वाचलं आणि मग मत दिलं. साम्राज्याबद्दलचं त्याचं प्रेम त्या वाचनामुळे कमी झालं असेल असं मानायचं कारण नाही. ते प्रेम त्यानं निकालात आणलं नाही, एवढंच.

रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव अशा चर्चेत हमखास येतं. नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष रघुनाथरावांवर ठेवणारा न्यायाधीश मराठी मनाला अभिमानाचा आहे आणि असावाच. पण रामशास्त्र्यांच्या धैर्यानं त्या दिवशी रघुनाथरावांना शिक्षा झाली नाही. पद सोडून जावं लागलं ते शास्त्र्यांना. एका माणसाच्या निर्भीडपणावर न्यायव्यवस्था उभी राहत नाही. ‘आम्हाला रामशास्त्री हवा’ म्हणणाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा: रामशास्त्री मिळाला नाही तर काय? साध्या, सरासरी, आपल्या घरच्या समजुती घेऊन आलेल्या न्यायाधीशाकडूनही बरा निकाल यावा, यासाठी काय करायचं?

याचं उत्तर नवीन नाही, फक्त ते पाळलं जात नाही. न्यायाधीशाचा अनुभव प्रश्न विचारताना कामाला यावा. पुरावा कायद्यानं न्यायाधीशाला कोणत्याही साक्षीदाराला केव्हाही कोणताही प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला आहे. फौजदारी प्रक्रियेनं साक्षीदार पुन्हा बोलावण्याचा अधिकार दिला आहे. ज्यानं वस्ती आणि गाव यांच्यामधला रस्ता लहानपणी तुडवला आहे, त्याला फितूर साक्षीदाराला काय विचारावं ते सुचतं. आज कोर्टात कोणाच्या गाडीतून आलात? मजुरी कोणाकडे करता? मधल्या काळात घरी कोण येऊन गेलं? हे प्रश्न खुल्या न्यायालयात विचारले जातात, दोन्ही वकील ऐकतात, त्यांवर उलटतपासणी होते, उत्तरं नोंदली जातात. म्हणून या वाटेनं आलेला अनुभव निर्धोक असतो. जो अनुभव न्यायाधीशाच्या मनातच राहतो आणि निकालाच्या शेवटच्या पानावर शिक्षा होऊन उतरतो, त्याला उत्तर द्यायची संधी कोणालाच मिळत नाही. दोन्हींत हा मोठा फरक आहे.

गुजरातच्या बेस्ट बेकरी खटल्यात साक्षीदार उलटले आणि सगळे आरोपी सुटले, तेव्हा १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हेच सुनावलं होतं: न्यायाधीशानं मूक प्रेक्षक होऊन बसू नये. खटला नव्यानं महाराष्ट्रात चालवायचा हुकूम झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईत नऊ जण दोषी ठरले. खर्ड्याच्या निकालावर टीका करायची असेल तर ती इथे करावी. साक्षीदार एकामागून एक फितूर होत असताना न्यायालयानं आपले अधिकार किती वापरले, सरकारी वकिलानं काय अर्ज केले, खटला सोनईसारखा हलवावा असं गृहखात्याला का वाटलं नाही? हे प्रश्न टोकदार आहेत आणि त्यांना उत्तरं देणं भाग पडतं. ‘जात बघितली’ या आरोपाला उत्तर द्यावं लागत नाही, म्हणून दोषी मंडळींना तो आरोप सोयीचा वाटतो.

निकाल कडक लागला की जात समजली, असंही मानू नये. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सत्र न्यायालयानं २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. नागपूर खंडपीठानं २०१० मध्ये ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. पण दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं धरलं. फाशी दिली आणि हत्येमागचं जातीचं कारण मात्र मान्य केलं नाही. गावाची रचना माहीत असलेला कोणी खंडपीठावर असता तर हाच निष्कर्ष निघाला असता का, हा प्रश्न रास्त आहे.

म्हणूनच न्यायालयांत सर्व थरांतली माणसं हवीत. २०१८ ते २०२२ या काळात देशभरच्या उच्च न्यायालयांत नेमल्या गेलेल्या न्यायाधीशांपैकी सुमारे ७९ टक्के खुल्या प्रवर्गातले होते, अनुसूचित जातींचे तीन टक्केही नव्हते, अशी माहिती कायदा मंत्रालयानंच संसदीय समितीला दिली. हा आकडा लाजिरवाणा आहे. परंतु तो बदलायचा कशासाठी? दलित न्यायाधीश दलिताच्या बाजूनं निकाल देईल म्हणून नव्हे. खंडपीठावर बसलेल्या तिघांपैकी एकाला तरी तो प्रश्न सुचावा, आणि बाकीच्या दोघांना त्याचं उत्तर द्यावं लागावं, म्हणून.

आपली पार्श्वभूमी न्यायाधीशानं कशी हाताळावी, हे अमरावतीच्या न्यायमूर्ती भूषण गवई यांनी दोन प्रसंगांत दाखवलं. जुलै २०२३ मध्ये राहुल गांधींचं अपील त्यांच्यापुढे आलं तेव्हा सुनावणीच्या सुरुवातीलाच त्यांनी दोन्ही पक्षांना सांगितलं की आपले वडील काँग्रेसशी दीर्घकाळ जवळून संबंधित होते आणि भाऊ अजूनही राजकारणात आहे; हरकत असेल तर आपण बाजूला होऊ. कोणीही हरकत घेतली नाही. पार्श्वभूमी लपवण्याऐवजी टेबलावर ठेवली की ती निम्मी निष्प्रभ होते. इंग्लंडच्या लॉर्ड्स सभागृहाला हा धडा महागात पडला होता. चिलीचा हुकूमशहा पिनोशे याच्या खटल्यात लॉर्ड हॉफमन यांनी खटल्यात सामील असलेल्या ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेशी असलेला आपला संबंध आधी सांगितला नाही, म्हणून सभागृहाला आपलाच निर्णय रद्द करून पुन्हा सुनावणी घ्यावी लागली.

दुसरा प्रसंग १ ऑगस्ट २०२४ चा. अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींपैकी एक असलेल्या गवईंनी स्वतंत्र मत लिहिलं आणि अनुसूचित जातींतल्या पुढारलेल्यांना वगळण्याची वाट काढावी असं म्हटलं. मोठ्या शहरातल्या नामांकित शाळेत शिकणारं अधिकाऱ्याचं मूल आणि खेड्यातल्या शाळेत जाणारं मूल एका मापानं मोजता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा दलित समाजातच वाढलेल्या माणसाचा आहे. मत मात्र ‘आपला माणूस’ म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांच्या अपेक्षेच्या उलट गेलं, आणि आपल्याच समाजातून टीका झाल्याचं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या मताशी सहमत व्हायची सक्ती नाही. ते मत कारणांसह लिहिलेलं आहे, त्यातल्या प्रत्येक कारणाला उत्तर देता येतं.

एकाच माणसात दोन्ही बाजू दिसल्याचं उदाहरणही मराठी मातीतलंच आहे. धनंजय चंद्रचूड यांनी न्यायमूर्ती म्हणून आपल्या वडिलांचे, यशवंत चंद्रचूडांचे, दोन निकाल मोडीत काढले: २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात आणीबाणीतला, आणि २०१८ मध्ये व्यभिचाराच्या कलमावरचा. घराण्याची पार्श्वभूमी न्यायाच्या आड येऊ द्यायची नाही याचं याहून ठसठशीत उदाहरण नसेल. त्याच चंद्रचूडांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये खेड तालुक्यातल्या कनेरसर या आपल्या मूळ गावी सांगितलं की अयोध्येच्या खटल्यात तोडगा सापडावा म्हणून आपण देवापुढे बसलो होतो. न्यायाधीशानं देवाची प्रार्थना करावी, यात गैर काही नाही. पण ९ नोव्हेंबर २०१९ च्या त्या निकालावर तो कोणी लिहिला याचं नाव नाही. पाच जणांच्या वतीनं दिलेल्या कारणांची हजारभर पानं असताना, त्यांतल्या एकानं नंतर पानांबाहेरचं कारण सांगायचं, याचा अर्थ काय? प्रार्थनेवर अपील होत नाही, तिची उलटतपासणी होत नाही. हरलेल्या पक्षाला आता कायम वाटत राहणार की खरं कारण आपल्याला न्यायालयात कधी सांगितलंच गेलं नाही. श्रद्धा असण्यापेक्षा ती अशी उशिरा सांगण्यात न्यायालयाचं नुकसान अधिक आहे.

आडनाव शोधण्याची सवय वरकरणी निरुपद्रवी वाटते, पण तिच्यातून हिंसा निघते. कोपर्डी खटला चालू असताना २०१७ मध्ये आरोपींवर न्यायालयाच्या आवारातच हल्ल्याचा प्रयत्न झाला. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश गवईंच्या दिशेनं एका वकिलानं बूट फेकण्याचा प्रयत्न केला. निकालाचं मोल निकाल देणाऱ्याच्या जन्मावर ठरतं, असं एकदा समाजाला शिकवलं की वाद घालायला युक्तिवाद लागत नाही.

नगर जिल्ह्यात आज मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेनं अशी योजना करणं प्रत्येक राज्याला बंधनकारक केलं. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचं स्वतंत्र प्रकरण आहे: प्रवासखर्च, संरक्षण, गरज पडली तर दुसरीकडे राहण्याची सोय. जामखेड, कर्जत, पाथर्डी, नेवासे या तालुक्यांत किती साक्षीदारांना ते मिळालं, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीला दर बैठकीत विचारता येतं. खून आणि अत्याचाराच्या खटल्यांत विशेष सरकारी वकील कोणत्या कुटुंबाला मिळतो, कोणाला मिळत नाही, याची यादी मागता येते.

जिल्हा न्यायालयाची भाषा १९९८ पासून मराठी आहे. तरीही निकालपत्र इंग्रजीत आलं तर भाषांतरासाठी अर्ज करावा, कारण खर्ड्याच्या आईबापांना आपला मुलगा कायद्याच्या लेखी कोणीच का मारला नाही, हे स्वतःच्या भाषेत वाचायचा हक्क आहे. ते वाचताना शेवटचा आदेश सोडून आधी साक्षींची पानं काढावीत: कोणता साक्षीदार कोणत्या तारखेला उलटला, त्या दिवशी सरकारी वकिलानं त्याला काय विचारलं, आणि न्यायाधीशानं काय विचारलं.